अर्धवटांची वही

रेकॉर्डबाई कधी रागावत नसत. त्या नुसत्या येऊन उभ्या राहत. तुम्ही पेशंट तपासत असा, चहा पीत असा, नाहीतर वॉर्डबॉयवर खेकसत असा, बाई तुमच्या उजव्या कोपराशी हजर. एका हातात केसपेपर, दुसऱ्या हातात टोपण काढलेलं पेन, आणि तोंडातून चकार शब्द नाही. तुम्ही दुर्लक्ष करून बघायचं. दोन मिनिटं, पाच मिनिटं. शेवटी तुम्हालाच अवघडल्यासारखं होऊन तुम्ही विचारायचं, ‘‘काय हो बाई?’’ मग त्या निदानाच्या रकान्यावर बोट ठेवायच्या आणि अगदी गोड आवाजात म्हणायच्या, ‘‘ताप. बरं. नि मग?’’

हे ‘नि मग’ मी रत्नागिरीत तीन वर्षं ऐकलं. पुण्याहून डॉक्टर होऊन, वर्षभर इकडेतिकडे करून, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात लागलो. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. जे झालं त्यात त्या भिंतींचा काही दोष नव्हता. मी सव्विशीचा, स्वतःला फार शहाणा समजणारा, आणि अक्षर असं की माझं मलाच दुसऱ्या दिवशी लागत नसे. बाई पन्नाशीला टेकलेल्या, ठेंगण्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांना आडनावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सिस्टरांपासून शिपायांपर्यंत सगळ्यांच्या त्या रेकॉर्डबाई.

पेशंट घरी गेला, किंवा वर गेला, की त्याचा केसपेपर जिन्याखालच्या खोलीत बाईंकडे जाई. तिथे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीचं एक जाडजूड पुस्तक होतं. जगातल्या प्रत्येक दुखण्याला त्यात एक नंबर. बाई निदान वाचायच्या, पुस्तकात शोधायच्या आणि लाल शाईनं केसपेपरच्या कोपऱ्यात नंबर घालायच्या. हॉस्पिटल ज्यांनी काढलं त्या मोठ्या डॉक्टरांना ही हौस. त्यांनी बाईंना मुद्दाम मुंबईला पाठवून हे शिकवून आणलं होतं. बाईंचं इंग्रजी जेमतेम मॅट्रिकपर्यंतचं, पण ते पुस्तक त्यांनी असं काही घोटलं होतं की आम्ही डॉक्टर मंडळी त्यांच्यापुढे कच्ची. एप्रिल उजाडला की म्हणायच्या, ‘‘आंबा सुरू झाला हो डॉक्टर.’’ आंबा म्हणजे फळ नव्हे. झाडावरून पडलेल्यांचे नंबर एकदम वाढत, त्यावरून बाईंना हंगाम कळे.

त्यांच्या गप्पाही नंबरांत चालत. अपेंडिक्स पाचशे चाळीस, मूळव्याध चारशे पंचावन्न, आव शून्य शून्य सहा. एखादा शिपाई रोज नवं दुखणं सांगून रजा मागू लागला की बाई म्हणत, ‘‘तुझा नंबर सातशे ऐंशी रे बाबा.’’ सातशे ऐंशी म्हणजे ज्यांचं धड काही ठरवता येत नाही अशा लक्षणांचा नंबर. पुढे पुढे आमच्याकडे ती शिवीच झाली. सिस्टर एकमेकींना म्हणायच्या, ‘‘जाऊ दे गो, सातशे ऐंशी आहे तो.’’

बाईंच्या टेबलावर निळ्या पुठ्ठ्याची एक वही असे. तिच्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं, ‘अर्धवट’. कुठला केसपेपर अपुरा आला, कुठल्या डॉक्टरकडून आला, काय लिहायचं राहिलं, हे सगळं तारखेनिशी तिच्यात. डॉक्टरनं तो पुरा करून दिला की पुढे पुन्हा तारीख. आम्ही तिला अर्धवटांची वही म्हणायचो, आणि त्या वहीत माझ्या नावाची भरती सगळ्यांत जास्त. एकदा मी चिडून म्हटलं, ‘‘बाई, तुम्ही सरळसरळ आम्हाला अर्धवट म्हणता?’’ त्या म्हणाल्या, ‘‘मी कागदाला म्हणते, डॉक्टर. तुम्ही ओढवून घेतलंत तर मी काय करू?’’

एवढा हट्ट कशासाठी, हे मला उशिरा कळलं. बाईंचे यजमान मुंबईला एका कारखान्यात होते. तरणेताठे असताना तिथेच गेले. घरी आला तो एक दाखला. त्यावर मृत्यूचं कारण लिहिलं होतं, हृदय बंद पडणे. ‘‘डॉक्टर, हृदय चालू ठेवून कोण मरतो का हो?’’ बाईंनी मला विचारलं. ‘‘ते बंद पडलं हे मलाही कळत होतं. कशानं पडलं ते सांगा ना! कोणी सांगितलं नाही. ज्यानं लिहिलं त्याला घाई असेल.’’ हे सांगताना त्या जुन्या केसपेपरांना टाके घालत होत्या. मी काहीतरी सहानुभूतीचं बोललो असेन, आणि बाहेर पडताच विसरलोही असेन.

पावसाळ्यात त्यांचा जीव कागदांत अडकलेला असे. आमच्याकडे जून लागला की चपलांनाही बुरशी येते, तिथे केसपेपरांची काय कथा. बाईंनी एक शोध लावला होता. पट्ट्या आणि हत्यारं जिथे वाफेवर निर्जंतुक करत त्या खोलीची मागची भिंत कायम कोमट असे. तिच्याजवळ दोरी बांधून त्या ओले कागद वाळत घालायच्या. अधीक्षक एकदा ओरडले, ‘‘हे काय धोबीघाट आहे काय?’’ बाई म्हणाल्या, ‘‘माणसंच आहेत ती, साहेब. वाळू देत वाईच.’’ दुपारचा डबाही त्या तिथेच खात. मग कुठल्या कुठल्या केसपेपरांना सुक्या बोंबलाचा वास येई, आणि तो कुठून आला हे सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी विचारत नसे.

आता सुमनबद्दल लिहायला हवं. इतका वेळ मी आढेवेढे घेतोय ते काही उगाच नाही.

सुमन तेवीस वर्षांची. सासर देवरूखच्या वरच्या अंगाला एका शेतकरी कुटुंबात, नवरा मुंबईला नोकरीत. पोटात मुरडा आणि शौचातून रक्त, म्हणून सासूनं तिला आणून टाकली. सासू म्हणाली, ‘‘आव हाय तिला. कुड्याचं पाळ उगाळून दिलं, पण रगत काय थांबत नाय.’’ कोकणात कुड्याचं मूळ, म्हणजे पाळ, आवेवर देतात, आणि रक्त पडलं म्हणजे आवच, हे घरोघरी ठरलेलं. मीही ते ठरवून टाकलं. निदान आव, सही, चला पुढे.

दुसऱ्या दिवशी कोपराशी बाई. या वेळी हातात एक सोडून चार केसपेपर. मी म्हटलं, ‘‘आता काय राहिलं?’’ बाई म्हणाल्या, ‘‘राहिलं काही नाही. जास्त झालंय. वेगवेगळ्या दोघींना थोडी थोडी आव झालेली नाही, डॉक्टर. एकीलाच दोन वर्षं रक्त जातंय.’’

झालं होतं असं. या पोरीचं माहेर लांज्याकडे. माहेरचं नाव शेवंती. लग्नाआधी एकदा आणि पहिल्या माहेरपणात एकदा, अशी ती दोनदा आमच्याकडे शेवंती म्हणून दाखल झाली होती, आणि दोन्ही वेळा आव म्हणून औषधं घेऊन गेली होती. लग्नात नाव बदललं. मग सासरकडून ती सुमन म्हणून आली. तेव्हा कुणीतरी मूळव्याध लिहिली. आमच्या दप्तरी दोन वेगळ्या बायका, दोन वेगळे बाप-नवरे, दोन वेगळे गाव. कुणाच्या बापाला संशय येणार? पण दाखल करताना ओळखीची खूण लिहायचीच, असा बाईंचा दंडक होता, आणि चारही कागदांवर डाव्या मनगटावर भाजल्याचा व्रण होता. बाई वॉर्डात गेल्या, खाटेवर टेकल्या आणि विचारलं, ‘‘गो, माहेरचं नाव काय तुझं?’’ पोर सासूकडे बघून हळूच म्हणाली, ‘‘शेवंती. हिकडं त्या नावानं कोण नाय हाक मारत.’’

मी खजील झालो, हे कबूल करतो. पंधरा दिवसांनी एकदा कोल्हापूरहून एक सर्जन येत. त्यांना दाखवलं. त्यांनी दुर्बिणीतून तपासून सांगितलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून जखमा. आव जंतूंनी होते आणि आठ-दहा दिवसांच्या औषधांनी जाते. हे दुखणं जंतूंचं नव्हे, वर्षानुवर्षांचं. याला स्टेरॉइडच्या गोळ्या. त्या थोड्या थोड्या कमी करत आणायच्या, एकदम तोडल्या तर जिवाशी गाठ. बाईंनी हे सगळं मला खोदून खोदून विचारून घेतलं, पुस्तक उघडलं, आणि बोट फिरवत नंबरावर आल्या. पाचशे छप्पन. आमच्या हॉस्पिटलातला पहिलाच.

पण त्या खूश दिसेनात. ‘‘ह्याला शेपूट नाही हो,’’ म्हणाल्या. म्हणजे कितीतरी आजारांच्या नंबरापुढे टिंब देऊन आणखी एक आकडा असे. दुखणं साधं की गुंतागुंतीचं, ते त्या आकड्यावरून कळे. पाचशे छप्पनला पुढे काहीच नव्हतं. इकडे सुमनची गुंतागुंत तर आमच्या डोळ्यांदेखत वाढत होती. रक्त इतकं गेलं की बाटल्या द्याव्या लागल्या, गुडघे सुजले, आणि दोन दिवस पोट असं फुगलं की आतडं फाटतंय की काय म्हणून माझी तंतरली होती. बाई म्हणाल्या, ‘‘ह्यातलं ह्या नंबरात काही मावत नाही, डॉक्टर. ते सगळं तुमच्या अक्षरात मावायला हवं.’’ मी हसून म्हटलं, ‘‘माझ्या अक्षरात काहीही मावतं.’’

पाच आठवडे ती पोर आमच्याकडे होती, आणि वाचली. तिसऱ्या आठवड्यात तिला चेष्टा सुचू लागली. माझ्या बोलण्याची नक्कल करायची. ‘‘डॉक्टर, घाटावर पण आव असते काय हो? का तिकडं काय तरी मोठ्या नावाचंच होतं?’’ बाई दुपारी डबा संपवून तिच्याजवळ जाऊन बसत. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना कागदातलं माणूस बरं होताना समोर दिसत होतं. त्या तिला शेवंती म्हणायच्या, सासू नसताना.

तिला घरी सोडायचं त्या दिवशी नवरा मुंबईहून न्यायला आला. आता तो तिला मुंबईलाच नेणार होता, खोली घेतली होती. आणि त्याच दुपारी माझी पुण्याची एसटी होती. आईनं एक मुलगी बघून ठेवली होती, ती बघायला जायचं होतं. आमच्याकडे रीत अशी की डॉक्टरनं केसपेपरावर शेवटचं निदान आणि पुढची औषधं लिहायची, त्यावरून बाईंनी सुवाच्य अक्षरात पेशंटचं कार्ड उतरवायचं, आणि डॉक्टरनं त्यावर सही ठोकायची. मी केसपेपरावर एकच शब्द खरडला, कोलायटिस. खाली ‘प्रकृतीत सुधारणा’.

मी बॅगेचा पट्टा आवळत होतो आणि बाई कोपराशी. ‘‘डॉक्टर, कोलायटिस. बरं. नि मग?’’

मी भडकलो. ‘‘बाई, तुम्हाला नंबरच घालायचा आहे ना? घाला की! तुमच्या नंबराला पुढे शेपूट नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत. मग मी रामायण लिहून करायचंय काय?’’

बाई म्हणाल्या, ‘‘नंबर माझ्यासाठी आहे. कार्ड पुढच्या डॉक्टरसाठी. पोर मुंबईला चाललीय. तिथे तिला कोण ओळखतो? कुठला कोलायटिस, काय काय झालं होतं, गोळ्या कुठल्या, दोन ओळी लिहा.’’

‘‘आल्यावर लिहितो. तुम्हाला सगळं तोंडपाठ आहे, तुम्हीच लिहा हवं तर.’’

‘‘डॉक्टरांनी लिहिलं नाही ते मी उतरवायचं नाही. पहिल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय मला.’’

मी कार्ड ओढलं, सही केली. वॉर्डातून जाता जाता सुमनला मात्र बजावलं, ‘‘गोळ्या बंद करायच्या नाहीत हं. काही झालं तरी नाही.’’ तिनं मान डोलावली. एवढं केलं की आपलं काम झालं, असं मला वाटलं. एसटी मिळाली. मुलगीही पसंत पडली. तीच आज माझी बायको आहे, आणि त्या दिवशी मी तिच्याकडे कसा पोचलो हे तिला आजवर सांगितलेलं नाही.

पाचव्या दिवशी परत आलो. मन जरा खात होतं, म्हणून तो केसपेपर मागवून घेतला आणि सगळं लिहून काढलं. आजार, गुंतागुंत, गोळ्या, इशारा. चांगलं अर्धं पान भरून. खाली तारीख टाकली ती जायच्या दिवसाची. बाई बघत होत्या. ‘‘आजची तारीख घाला, डॉक्टर.’’ मी म्हटलं, ‘‘चालतं हो बाई, घरचाच कागद आहे.’’ त्यांनी कागद उचलला आणि गेल्या. मुंबईचा पत्ता शोधून काढावा, एक पोस्टकार्ड टाकावं, एवढं मला सुचलं नाही. किंवा सुचलंही असेल. आता खोटं कशाला बोलू?

दोन महिन्यांनी सुमनचा नवरा आला. एकटा. हातात ते कार्ड. मुंबईत गोळ्या संपल्या, पुन्हा पोट दुखू लागलं, म्हणून तो तिला जवळच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता. त्या डॉक्टरनं कार्ड वाचलं. कोलायटिस म्हणजे आवेचाच प्रकार समजून त्यानं आवेची औषधं दिली. आधीच्या गोळ्यांचं विचारलं तर म्हणाला, कार्डावर नाहीत, म्हणजे लागायच्या नाहीत. आठ दिवसांत तिचं पोट फुगलं. मोठ्या हॉस्पिटलात नेईपर्यंत उशीर झाला होता. तो रडत नव्हता. कार्ड पुढे करून एवढंच विचारत होता, ‘‘ह्यात लिहायला पाहिजे होतं काय हो?’’

ट्रस्टची बैठक बसली. मोठे डॉक्टर तोवर अंथरुणाला खिळले होते. अधीक्षकांनी केसपेपर काढला. तो संपूर्ण, तारीख बरोबर. कार्ड काढलं. त्यावर एक शब्द. अधीक्षक म्हणाले, ‘‘म्हणजे उतरवताना राहिलं. काय डॉक्टर?’’

मी म्हटलं, ‘‘तसंच दिसतंय.’’

दोन शब्द. आयुष्यात मी कितीतरी बडबड केली असेल, पण हे दोन शब्द परत गिळता आले असते तर बाकी सगळं आयुष्य मुका राहायला मी तयार होतो.

बाईंना आत बोलावलं तेव्हा त्या निळी वही घेऊनच आल्या. टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘ह्यात तारखा आहेत, साहेब.’’ अधीक्षक म्हणाले, ‘‘वही राहू दे, बाई. केसपेपर समोर आहे ना.’’ वही माझ्या हाताजवळ होती, वीतभर अंतरावर. ती कुणी उघडली नाही. मीही नाही. कारकुनाच्या वहीपेक्षा डॉक्टरचा कागद मोठा, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण आमच्यापैकी कुणी मोठ्यानं बोललं नसतं. बाई कुठल्या वाडीतल्या हे तिथल्या प्रत्येकाला न विचारता ठाऊक होतं. ट्रस्टनं सुमनच्या नवऱ्याला शिक्कामोर्तब केलेलं पत्र पाठवलं, ‘लेखनिकाच्या नजरचुकीमुळे’. बाईंना जिन्याखालून काढून केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. दोन आठवड्यांत त्यांनी राजीनामा दिला. किल्ली शिपायाकडे दिली आणि माझ्या दारावरून गेल्या. आत बघितलंसुद्धा नाही, आणि मला त्या वेळी, देवाशपथ, बरं वाटलं.

नंतर मी ती वही एकटा असताना उघडून पाहिली. माझं नाव, तारीख आणि पुढे बाईंचं गोल अक्षर: ‘निदान अपुरं. गुंतागुंत नाही, गोळ्या नाहीत. सांगितलं.’ ते ‘सांगितलं’ मी पुन्हा वाचलं. मग वही होती तिथे ठेवून दिली. वर्षभरात नोकरी सोडून पुण्याला दवाखाना टाकला.

सहा-सात वर्षं अशीच गेली. एक दिवस दवाखान्यात कुठूनतरी आलेला एक पेशंट समोर बसला. त्याच्या कार्डावर एकच शब्द होता, कोलायटिस, आणि खाली कुणाची तरी घाईतली सही. त्या डॉक्टरला मी तोंडभर शिव्या घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी बाईंच्या गावची, देवरूखची गाडी पकडली.

बाईंचं घर गावाबाहेर, कौलारू, दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली शाळेतल्या पोरांच्या वह्या. शिकवण्या घेत होत्या. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. पाणी दिलं. मी आल्या आल्या म्हटलं, ‘‘बाई, माफी मागायला आलोय.’’

‘‘बसा आधी,’’ बाई म्हणाल्या. मग सांगू लागल्या. सुमनचा नवरा मुंबई सोडून परत आला होता. नदीपलीकडेच त्याचा गाव. ट्रस्टचं पत्र त्यानं दहा जणांना दाखवलं होतं. ‘‘बाजारात गेले की बायका एकमेकींना खुणावतात, ती बघा कार्डवाली. मी दोनदा गेले त्याच्याकडे. म्हटलं, बाबा, मी सांगत होते, डॉक्टरांनी लिहिलं नाही. त्यानं पत्र काढून दाखवलं. छापील कागद, वर शिक्का. त्याच्यापुढे माझी जीभ काय करणार?’’

मी विचारलं, ‘‘मी काय करू, बाई?’’

‘‘माफी ठेवा तुमच्याकडे. लिहून द्या.’’

पोरांच्या वहीतली दोन पानं त्यांनी काढून दिली. मी लिहायला बसलो. सगळं लिहिलं. त्या दिवसाची घाई, मागाहून भरलेला केसपेपर, खोटी तारीख, बैठक. बाईंनी चष्मा लावून शब्द न् शब्द वाचला. एका ठिकाणी बोट थांबलं. मी लिहिलं होतं, ‘ही चूक माझ्या नजरचुकीने झाली.’

‘‘नजरचूक नव्हे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘नजर होती तुमची. काय होतं ते लिहा.’’

मी ती ओळ खोडली आणि लिहिलं, ‘मी आळस केला, आणि नंतर खोटं बोललो.’ खाली सही केली.

मी म्हटलं, ‘‘चला बाई, मीही येतो त्याच्याकडे. माझ्या तोंडानं सांगतो.’’

त्यांनी कागदाची घडी घातली. ‘‘नको. तुम्ही आलात तर तो तुम्हाला खुर्ची देईल. डॉक्टर आले म्हणून चहा ठेवील. तुमच्यासमोर त्याला रागावता यायचं नाही. त्याला एकदा धड रागावू दे. मी बसेन तिथे.’’

दारापर्यंत आल्या. मी पाया पडायला वाकलो तर मागे सरल्या. ‘‘गाडी चुकेल तुमची,’’ म्हणाल्या. ती आमची शेवटची भेट. पुढच्याच वर्षी बाई गेल्या. मला कळलं तेही उशिरानं.

त्या भेटीनंतर तीन आठवड्यांनी पुण्याला एक आंतरदेशीय पत्र आलं. अक्षर बोजड, ओळी खाली उतरत गेलेल्या. मायना नाही. ते पत्र माझ्याकडे अजून आहे, म्हणून जसंच्या तसं उतरवतो:

‘बाई येऊन कागद वाचून गेल्या. मी दोनदा वाचून घेतला. सुमन मला रोज सांगत होती, डॉक्टरनी गोळ्या बंद करू नको म्हणून सांगितलंय. मी तिला म्हणालो, तसं असतं तर कार्डावर लिहिलं असतं. ती बोलायची थांबली. मी तिचं ऐकलं नाही, बाईंचं पण ऐकलं नाही. दोन्ही वेळेला कागद बघितला. बाईंच्या पाया पडलो. तुमच्यावर राग आहे. तो राहू दे.’